‘गृहिणी’ या शब्दाबाबत दुरुस्ती

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या निधन वार्तेत गेल्या महिन्यात माझ्या पत्नीची बातमी आली. चार ओळींची. मजकूर मीच फोनवर सांगितला होता, त्यामुळे आपल्या वार्ताहराला दोष नाही. वय ५९, गृहिणी, मनमिळाऊ स्वभावाच्या, अल्पशा आजाराने, पश्चात पती, मुलगा, सून, मुलगी, जावई, नातवंडे असा परिवार. त्यात माझ्या हातून दोन चुका झाल्या आहेत. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, डोकं चालत नव्हतं. आता सगळे आपापल्या ठिकाणी गेले, म्हणून लिहायला बसलो आहे.

आमचं लग्न १९८५ सालच्या मे महिन्यातलं. ती म्हसळ्याकडची, सातवी झालेली. मी तेव्हा मुंबईला बेस्टमध्ये नुकताच कंडक्टर म्हणून लागलो होतो आणि गाववाल्यांच्या खोलीत आठ जणांत राहत होतो. तिथे बायकोला कुठे नेणार? ती इथेच राहिली, श्रीवर्धनला, माझ्या आईवडिलांजवळ आणि वीस गुंठ्यांच्या वाडीत. गणपती, शिमगा आणि मे महिन्यातले पंधरा दिवस, एवढाच मी घरी असायचो. २०१९ ला निवृत्त होऊन कायमचा आलो. तोवर दरमहा पैसे पाठवत होतो, आधी मनिऑर्डरने, नंतर बँकेतून, आणि घर आपण चालवतो असं धरून चाललो होतो.

वाडी म्हणजे काय, हे बाहेरच्या वाचकांना थोडं सांगायला हवं. आमच्याकडची सुपारी ‘श्रीवर्धनी रोठा’ म्हणून बाजारात ओळखली जाते. पोफळीला, म्हणजे सुपारीच्या झाडाला, सावली लागते, ओल लागते, आणि पाणी साचलेलं चालत नाही. वडील होते तोवर विहिरीवर रहाट होता. पुढे पंप आला, पण पाट मोकळे करणं, आळी भरणं, एका ओळीचं पाणी तोडून दुसरीला लावणं हे हातानेच. पोफळींवर मिऱ्याचे वेल चढवलेले, मध्ये चार जायफळं, कडेने नारळ आणि केळी. जायफळ फुटलं की आतली लाल जायपत्री अख्खी सोडवून वेगळी वाळवायची, ती तुटली की भाव पडतो. पाडेल्याला, म्हणजे झाडावर चढून सुपारी पाडणाऱ्याला, बोलावून आणणं, त्याची मजुरी ठरवणं, पडलेली सुपारी वेचणं, अंगणात चाळीसेक दिवस वाळवणं, रोज पायाने फिरवणं, दव पडायच्या आत झाकणं, मग सोलणं, निवडणं, व्यापाऱ्याशी बोलणं. हे सगळं ती करायची. सासू-सासऱ्यांचं आजारपण, दोन मुलांच्या शाळा, शिवाय गणपतीला मुंबईहून उतरणारी पंधरा-वीस माणसं, तेही तिच्याकडेच होतं. मी मे महिन्यात यायचो आणि रायवळ आंबे खाऊन, वाडीत एक फेरी मारून म्हणायचो, छान ठेवली आहेस हो वाडी.

तिचा हिशेब भिंतीवरच्या कालनिर्णयवर असायचा. दूध किती, गॅस कधी आला, पाडेली कधी येऊन गेला, किती किलो सुपारी कोणत्या भावाने दिली, सगळं त्या त्या तारखेच्या चौकोनात, मुंगीएवढ्या अक्षरांत. वर्ष संपलं की ते कॅलेंडर गुंडाळून माळ्यावर. मी कंडक्टर माणूस, तिकीट आणि रोकड यांचा मेळ घालण्यात माझी नोकरी गेली. २०१९ ला आल्यावर मी तिचा हिशेब तपासायला घेतला आणि दोन दिवसांत कॅलेंडर परत खिळ्याला लावलं. त्यात मला काढण्यासारखं काही नव्हतं.

३ जून २०२०. निसर्ग वादळ दुपारी इथेच किनाऱ्याला लागलं, श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात. आम्ही माजघरात बसलो होतो, वरचे पत्रे आणि कौलं जात होती, आणि वाडीच्या बाजूने एकामागून एक कडाड् असा आवाज येत होता. ती प्रत्येक आवाजाला बोट दुमडत होती. संध्याकाळी वारा पडल्यावर दार उघडलं तर वाडीतून थेट पलीकडचं आभाळ दिसलं. त्या जागी मी जन्मात कधी आभाळ बघितलं नव्हतं. मी पायरीवर बसलो तो उठलोच नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने जुनं लुगडं काढलं, सासूबाईंचं, आणि त्याच्या पट्ट्या फाडल्या. पडलेल्या एकेका पोफळीला एक पट्टी बांधत गेली, म्हणजे मोजताना दोनदा नको आणि सुटायलाही नको. आडव्या झाडांच्या जाळीतून वाकून, प्रसंगी रांगत. दोनशे साठ पोफळींतल्या एकतीस उभ्या होत्या. बाकीचा आकडा तिने कॅलेंडरवर ३ तारखेच्या चौकोनात लिहिला. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा तीच त्यांना फिरवत होती, ही एवढ्या वर्षांची, ही गेल्या साली धरलेली, हा मिऱ्याचा वेल इतक्या किलोचा. त्यांनी विचारलं, “खातेदार कोण?” तिने माझ्याकडे हात केला. मी पायरीवरून उठून सही केली.

सुरुवातीला मदत जाहीर झाली ती बागायतीला हेक्टरी ५० हजार. वीस गुंठ्यांचे म्हणजे दहा हजार. पोफळ लावल्यापासून धरायला पाच-सहा वर्षं लागतात, पुरतं पीक यायला आणखी काही. माझं म्हणणं होतं, आता या वयात पुरे, जागा तशीच राहू दे, पेन्शन आहे. ती काही बोलली नाही. ऑगस्टमध्ये रोपं आणून लावायला सुरुवात केली. सावली सगळी गेलेली, म्हणून आधी केळी लावली आणि त्यांच्या आडोशाला रोप. ज्या एकतीस उभ्या राहिल्या त्यांच्या खोडांना पश्चिमेकडून नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधले, कारण सावलीत वाढलेलं खोड एकदम उन्हात आलं की भाजतं. पुढच्या हंगामात बियाण्याची सुपारी त्या एकतीस झाडांचीच ठेवली. “वाऱ्यात उभी राहिली त्यांचीच पोरं हवीत,” म्हणाली. ती आज माझ्या डोक्याबरोबर आली आहेत. आधी आणलेल्यांतल्या काहींना यंदा पहिली पोय, म्हणजे फुलोरा, फुटली. ती तिने बघितली, एवढं मात्र झालं.

आता जे लिहिण्यासाठी हे पत्र, ते. वाडी २००९ च्या वाटणीत माझ्या नावावर आली. सातबारा आणला त्या रात्री तिने विचारलं होतं, “अहो, यात माझं नाव लागतं का हो?” मी म्हटलं, “अगो, माझं ते तुझंच, कागदावर नाव घालून काय करणार?” तिने पुन्हा विषय काढला नाही. खरं तर लागतं. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, आणि १९९२ पासून तशी सरकारी योजना आहे. नवऱ्याने अर्ज करायचा, बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागतं, खरेदीखत करावं लागत नाही. मला हे माहीत होतं. तलाठी कार्यालय घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे.

गेल्या वर्षी नातीचा जन्मदाखला आला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव वडिलांच्या आधी लागतं, तसं तिच्या दाखल्यावर सुनेचं नाव होतं. हिने चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि म्हणाली, “बरं दिसतं नाही कागदावर?” मी हो म्हटलं आणि टीव्ही बघत राहिलो.

आणि तो ‘अल्पसा आजार’. त्या दिवशी सकाळी तिला मळमळत होतं, पाठीत दुखत होतं, घाम येत होता. पित्त झालंय म्हणाली, आमसुलाचं पाणी करून प्यायली आणि अंगणातली सुपारी फिरवायला गेली. दुपारी भिंतीला टेकून बसली तेव्हा मी घाबरलो. इथल्या दवाखान्यात कार्डिओग्राम काढला, हृदयाचा झटका आहे, ताबडतोब माणगावला न्या म्हणाले. ॲम्ब्युलन्समध्ये माझा हात तिच्या हातात होता. म्हसळ्याच्या अलीकडे, तिच्या माहेराच्या वाटेवर, तो हात सैल झाला.

तेराव्यानंतर मी कॅलेंडर खाली काढलं. त्या महिन्यात ३ तारखेला, ११ ला आणि १७ ला, दूध आणि पाडेल्याच्या नोंदीखाली एक बारीक ‘पि.’ लिहिलेला आहे. पित्त. आदल्या महिन्याच्या पानावरही दोनदा. मी त्याच भिंतीखाली रोज चहा पीत होतो. डॉक्टरांनी मागाहून सांगितलं, बायकांना छातीत कळ येईलच असं नाही. मळमळ, धाप, जबडा किंवा पाठ दुखणं, घाम, नुसता थकवा, असंही येतं, आणि घरोघरी त्याला पित्त म्हणून सोडून देतात. हे आपण मोठ्या अक्षरात छापलंत तर बरं होईल. ज्या घरात कोणी आमसुलाचं पाणी पिऊन कामाला लागत असेल तिथे कोणीतरी वाचेल.

गेल्या आठवड्यात मी तलाठी कार्यालयात गेलो होतो. वडील गेले तेव्हा वारसनोंद, फेरफार, सगळं झालं होतं. या वेळी काय करायचं असं विचारलं, तर त्यांनी सातबारा बघून शांतपणे सांगितलं, “काका, यात काही बदल नाही.” त्यांचं बरोबरच होतं. तिने चाळीस वर्षं जी जमीन केली तिच्या कागदावर, ती गेल्याने, एक अक्षरही हलत नाही.

तिथे मला आता काही करता येणार नाही. आपल्या अंकात येईल. म्हणून विनंती, की मी दिलेल्या बातमीतली पुढील दुरुस्ती छापावी: ‘अल्पशा आजाराने’ हे शब्द वगळावेत, आणि ‘गृहिणी’ या ठिकाणी ‘सुपारी बागायतदार’ असे वाचावे.

आपला,
बेस्टचा एक निवृत्त कंडक्टर
श्रीवर्धन, जि. रायगड