संमतीपत्रावरील ‘नाते’ आणि माझी श्रद्धा

महोदय,

मी वारकरी घराण्यात वाढले. विवाह हा संस्कार आहे आणि सप्तपदी स्त्री-पुरुषांचीच, अशी माझी श्रद्धा असून ती बदलावी असे मला वाटत नाही. तरीही समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाला कायद्याने मान्यता द्यावी, असे मला आग्रहाने म्हणायचे आहे.

आमच्या वरच्या मजल्यावर दोघे जण गेली चौदा वर्षे एकत्र राहतात. त्यांच्यापैकी एकाला शस्त्रक्रियेसाठी दाखल केले, तेव्हा मी सोबत होते. आजाऱ्याचा रक्तगट, गोळ्यांच्या वेळा, कोणते औषध अंगावर उठते, हे सारे तोंडपाठ असलेल्या जोडीदाराने संमतीपत्रावर ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात ‘मित्र’ असे लिहिले. खिडकीपलीकडच्या कर्मचाऱ्याने त्यावर रेघ ओढली आणि ‘घरचं कोणी नाही का?’ असे विचारले. कित्येक वर्षांत ज्याने त्यांच्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता, तो भाऊ गावाहून रात्रीच्या एसटीने येऊन सही करेपर्यंत हा माणूस बाकावर बसून राहिला. मी शेजारी माळ ओढत होते, पण नामात मन लागेना.

त्या सहीने माझ्या धर्माचे काय बिघडले असते? विवाहबंधन अतूट मानणाऱ्या समाजातच मुंबई प्रांताने १९४७ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने तो हक्क देशभर दिला. जन्मोजन्मीच्या गाठीवर विश्वास असणाऱ्यांचा विश्वास त्यामुळे गेला नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात तर होम नाही, मंत्र नाहीत. विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार पुरतात. धर्माचे विधी आणि राज्याची नोंद या दोन गोष्टी आपण कधीच वेगळ्या केलेल्या आहेत. कोणत्याही पुरोहिताला, काझीला किंवा धर्मगुरूला त्याच्या श्रद्धेविरुद्ध विधी करण्याची सक्ती होणार नाही, असे नव्या कायद्यात जरूर लिहावे. तो माझ्यासारख्यांचा हक्कच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात विवाहाचा हक्क मान्य न करता हा विषय कायदेमंडळाकडे सोपवला. त्यानंतर केंद्राने समिती नेमली आणि २०२४ मध्ये संयुक्त बँक खाते उघडण्यास व त्यावर जोडीदाराचे नाव नॉमिनी म्हणून लावण्यास अडचण नसल्याचे स्पष्ट केले. हे स्वागतार्ह आहे, पण नॉमिनीच्या हाती केवळ रक्कम येते, तिच्यावरचा हक्क कायदेशीर वारसांचाच राहतो. जवळचे नातेवाईक उपलब्ध नसल्यास जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा, असेही केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळवले आहे. मृत्यूनंतर जे नाते ग्राह्य धरायचे, ते माणूस खाटेवर श्वास घेत असताना का धरू नये, याचे उत्तर मला सापडत नाही.

संसदेने कायदा करावा, ही मागणी आहेच. पण सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय असल्याने, रुग्णाने लेखी नाव दिलेल्या जोडीदाराची सही संमतीपत्रावर ग्राह्य धरावी, असा स्पष्ट आदेश महाराष्ट्र शासनाने सर्व सरकारी व खासगी रुग्णालयांना द्यावा, ही विनंती.

— एक वारकरी वाचक, सातारा