घाई करू नको, उत्तर सांगू नको

खानापूर
रविवार, रात्री

प्रिय गड्या,

पोरांना काय शिकवालाईस म्हणून तू विचारलेलास, फोनवर नीट सांगायला जमलं नाही म्हणून लिहितोय. शनिवारी संध्याकाळी आमच्या सोप्यात गल्लीतली आठ-दहा पोरं जमतात, पुस्तक नाही, फक्त कोडी. पहिल्या दिवशी मी तीन डबे मांडले, एकात बेळगावचा कुंदा, एकात गोकाकचा करदंट, एकात दोन्ही, आणि वरच्या तिन्ही चिठ्ठ्या चुकीच्या. आत न बघता एकाच डब्यातनं एकच तुकडा काढायचा आणि तिन्ही डबे ओळखायचे. पोरं म्हणाली सगळे उघडूया की सर! मी गप्प बसलो. पंधरा मिनटं गेली असतील, मग एक पोरगा पुटपुटला, 'दोन्ही' लिहिलेल्यातनं काढायचा, कारण चिठ्ठी खोटी, म्हणजे आत एकच काहीतरी असणार. कुंदा निघाला तर तो डबा नुसत्या कुंद्याचा, मग 'करदंट' लिहिलेल्यात करदंट नाही आणि कुंदाही नाही, म्हणजे तिथं दोन्ही, राहिला तो करदंटाचा. हे त्यानं दुसऱ्यांना समजावताना त्याचा चेहरा बघायला पाहिजे होतास तू.

आपल्या वेळी कोडं घातलं की दोन मिनटात सर फळ्यावर उत्तर लिहून मोकळे व्हायचे, मला त्याचं अजून वाईट वाटतं रे. अडकून बसायला वेळच दिला नाही आपल्याला.

काल कापरेकरांचा आकडा घेतला. देवळालीच्या शाळेतले मास्तर, १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ शोधला. कुठलाही चार आकडी नंबर घे, फक्त चारही आकडे सारखे नकोत, त्याच आकड्यांचा मोठ्यातला मोठा नंबर मांड, त्यातनं लहानातला लहान वजा कर, परत तसंच, जास्तीत जास्त सात वेळात ६१७४ येतोच. मी मुद्दाम १९५६ दिला, भाषावार प्रांतरचनेचं साल, आपल्या भागात ते कुणाला पाठ नाही? ९६५१ वजा १५६९ म्हणजे ८०८२, मग ८८२० वजा ०२८८ म्हणजे ८५३२, मग ८५३२ वजा २३५८, आला ६१७४! आता किती वजा करा, हलत नाही.

शेजारची एक पोरगी येते, घरात कन्नड, शाळाही कन्नड मीडियमची. ती पाटीवर प्रत्येक उत्तराचे आकडे मिळवत बसलेली, आणि एकदम 'हदिनेंटु, हदिनेंटु' म्हणाली. अठरा, तिन्ही वेळा अठरा! तेच चार आकडे उलटसुलट मांडून वजा केले की उत्तराला नऊनं भाग जातोच, त्याच्या दारात ती स्वतःहून पोचली, मी नऊचं नावसुद्धा काढलं नव्हतं. त्या क्षणी भाषेची अडचण कुणालाच आठवली नाही बघ.

तीन आकड्यांचं पोरांनीच काढलं, तिथं ४९५ येतो. आता तिनं पाच आकड्यांचं धरलंय, दोन पानं भरलीत. तिथं एकच आकडा मिळत नाही, ठराविक आकड्यांच्या चक्रात फिरत राहतं, हे मला माहितीय, पण मी बोललो नाही. गणपतीला येशील तेव्हा तूही बोलू नको.

तुझाच