पाटी-पेन्सिल पुन्हा हातात देणाऱ्या काकांना

प्रिय काका, सा. न.

फोनवर आभार मानले असते तर "ते राहू दे, पक्षी मिळाला का?" म्हणून तुम्ही विषय उडवला असता. म्हणून हे असं चारचौघांत. टर्कीची शिकार तुम्ही शिकवलीत, पण पक्षी नाही मिळाला.

मार्चमध्ये तुमच्याकडे आलो तेव्हा खिशात तीन डायफ्राम कॉल होते. कॉल म्हणजे टर्कीचा आवाज काढायचं साधन, आणि डायफ्राम म्हणजे त्यातला तोंडात धरायचा पातळ पडदा. टाळूला चिकटवून वाजवायला गेलो नि ओकारीच आली. तुम्ही हसला नाहीत. (काकू हसल्या.) पेनसिल्व्हेनियात वसंतात टर्कीच्या मागावर दबकत जाणं कायद्यानेच बंद, पक्षी बोलावूनच आणायचा, हे तेव्हा कळलं. म्हणजे कॉल वाजला नाही तर नुसता जंगलात फेरफटका!

मग तुम्ही लाकडी बॉक्स कॉल काढलात. झाकण कडेवर घासलं की मादी बोलते. नवशिक्याला याहून सोपं काही नाही, फक्त भिजू द्यायचा नाही. पण माझा जीव जडला पॉट कॉलवर. वाटीत बसवलेली स्लेटची चकती आणि लाकडी काडी. अहो, ही तर पाटी-पेन्सिल! काडी न उचलता छोटी अंडाकृती वळणं गिरवायची, चकती पॉलिश पेपरने खरवडायची, वर बोट लावायचं नाही, घामाने काडी घसरते. पहिलीत बाई पाटी करकरवली म्हणून ओरडायच्या. तुम्ही म्हणत होतात, अजून करकरव.

माझा लाल रुमाल तुम्ही काढून घेतलात, तेही आठवतंय. बाकीच्या शिकाऱ्यांपुढे नर टर्कीच्या डोक्याचा रंग मिरवत झाडीत बसणार होतो मी!

आणि एक सांगितलं होतंत, तेच नेमकं विसरलो. एरवी नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे जाते. आपण उलटं मागतोय, तेव्हा त्याने उत्तर दिलं की गप्प बसायचं. मे महिन्यात ओकच्या उतारावर तो आला, साठेक पावलांवर पिसारा फुलवून उभा राहिला. मला राहवलं नाही, पुन्हा घासलं. दोन्ही हात हलले. त्याने मान उंच केली आणि गेला.

हात मोकळे ठेवणारा डायफ्राम कशासाठी असतो, ते आत्ता समजलं. सध्या गाडीत सराव करतो. सिग्नलला शेजारचे काच वर करतात.

तुमचा बॉक्स कॉल परत पाठवतोय. खिशात आपोआप किंचाळू नये म्हणून झाकणाला रबरबँड लावलाय. पॉट कॉल मात्र राहू दे माझ्याकडे, पुढच्या मेपर्यंत.

तुमचा,
शिकाऊ