ओआरएस पाजा, पण किती पाण्यात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सोमवारच्या आरोग्य पानावर जुलाबाबद्दलचा मजकूर वाचला. 'मुलाला ओआरएस पाजावे' एवढंच त्यात आहे. किती पाण्यात, ते नाही. मी ३३ वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते. याच एका गोष्टीवरून किती आयाबायांशी भांडले असेन!

मागच्या महिन्यात शेजारच्या सुनेनं दीड वर्षाच्या पोराला लिटरभर पाण्याचं अख्खं पाकीट पेलाभर पाण्यात कालवून पाजलं. 'घट्ट केलं की लवकर गुण येतो,' असं तिला दुकानात कुणीतरी सांगितलेलं. संध्याकाळपर्यंत जुलाब वाढले, शेवटी सलाइन लावावं लागलं. आणि बोल लागला पाकिटाला.

काकडीच्या कोशिंबिरीत मीठ आधी घातलं की वाडगाभर पाणी सुटतं, म्हणून आपण ते ऐन पानं घेताना घालतो. पेशीच्या पडद्याआडून पाणी खारट-गोड जास्त असेल तिकडे ओढलं जातं. शाळेच्या पुस्तकात याला परासरण म्हणतात. आतड्यातही हेच चालतं. ही ओढ मिलिऑस्मोलमध्ये मोजतात. रक्ताची लिटरला साधारण २९०, नीट कालवलेल्या ओआरएसची २४५. म्हणून पाणी आतड्यातून रक्तात जातं. त्यातली साखरही चवीपुरती नसते. ग्लुकोज पेशीत शिरताना मिठाला बरोबर घेऊन जातं आणि पाणी त्यांच्या मागे जातं.

आता तेच २०.५ ग्रॅमचं पाकीट २०० मिलीच्या पेल्यात ओता. आकडा पाचपट, बाराशेच्या वर! मग आतडंच अंगातलं पाणी ओढून घेतं. पूर्वीचं ओआरएस ३११ चं असे. जागतिक आरोग्य संघटनेनं २००२ साली तेही उतरवून २४५ वर आणलं. जिथं ३११ जास्त ठरलं, तिथं बाराशेचं काय सांगावं?

त्यात बाजारात एका पेल्याची छोटी पाकिटंही मिळतात. एकदा ती वापरलेली आई मोठं पाकीटही पेल्यातच ओतते. तिला तरी कसं बोलणार, पाण्याचं माप छापलेलं असतं मुंगीएवढ्या अक्षरांत.

तेव्हा पुढच्या वेळी एवढी ओळ छापाच: पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी मोजून घ्या, आणि कालवलेलं २४ तासांनी उरलं तर ओतून द्या. जागा पुरत नसेल तर वरचा फोटो थोडा लहान करा.

— एक निवृत्त परिचारिका, बार्शी