राजीनामा सोमवारी टाकू नकोस

पुणे, 18 जानेवारी 2026

प्रिय सुन्या,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. प्लांट हेडने सगळ्या लाइनसमोर तुला झापलं, ते चुकीचंच. पण म्हणून हातात दुसरी ऑफर नसताना सोमवारी राजीनामा टाकायचा, हे काही मला पटलं नाही. फोनवर तू मला बोलू देणार नाहीस, म्हणून लिहितोय. आधी सगळं वाच, मग काय शिव्या घालायच्या त्या घाल.

पहिली गोष्ट ग्रॅच्युइटी, म्हणजे पाच वर्षं भरल्यावर नोकरी सोडताना कंपनीने द्यायची रक्कम. तू सप्टेंबर 2021 ला लागलास, म्हणजे येत्या सप्टेंबरात पाच वर्षं भरतात. बेसिक आणि डीए मिळून तुझे 26,000 धरू. त्याला 26 ने भागायचं, 15 ने गुणायचं. एका वर्षाचे 15,000 झाले, पाच वर्षांचे 75,000. एवढ्यावर आत्ता पाणी सोडणार? चार वर्षं आणि 240 दिवस भरले तरी पुरे, असं काही कोर्टांनी म्हटलंय खरं, पण ते एचआरच्या गळी उतरवायला भांडावं लागतं आणि भांडण शेवटपर्यंत नेण्याची तुझी चिकाटी मला ठाऊक आहे. तुझा नोटीस पिरियड 90 दिवसांचा. जूनच्या अखेरीस कागद दिलास तर सप्टेंबर संपता संपता मोकळा होशील. मधेच कुणी ‘लवकर सोडतो’ म्हणालं तर मोठेपणाने हो म्हणू नकोस.

आता तुझा रिझ्युमे. मागे पाठवला होतास तो अजून माझ्याकडे आहे. वर ‘चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंटमध्ये काम करण्याची इच्छा’, खाली वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि ‘वरील माहिती खरी आहे’ असं प्रतिज्ञापत्र. अरे, हे कॉलेजात सगळ्यांनी एकाच फाइलवरून उतरवलेलं! क्वालिटीचा माणूस घेणाऱ्याला बघायचं असतं की तू कोणते पार्ट सांभाळलेस, रिजेक्शन किती पीपीएमवरून (दहा लाख पार्टमागे किती खराब) कितीवर आणलंस, किती पीपॅप (कस्टमरकडून पार्ट मंजूर करून घ्यायची कागदपत्रं) स्वतः सबमिट केलेस, कस्टमर ऑडिटला समोर कोण उभं होतं. सीएमएम, म्हणजे पार्टची मापं तपासायचं मशीन, तू स्वतः चालवतोस हे त्यात कुठेच नाही, आणि ‘एमएस ऑफिस येतं’ हे मात्र ठळक अक्षरात! आयएटीएफ 16949 च्या (वाहन उद्योगाच्या क्वालिटी स्टँडर्डच्या) इंटर्नल ऑडिटरचं सर्टिफिकेट तर थेट दुसऱ्या पानावर ढकललंयस. ते पहिल्या पानावर आण. दोन पानांच्या वर जाऊ नकोस.

आणखी एक, जे तुला कुणी सांगणार नाही. कंपनीचं नाव बघून उडी मारू नकोस, ती पार्ट कुठला बनवते ते बघ. तुम्ही कॅमशाफ्ट बनवता, म्हणजे इंजिनाचा पार्ट. इलेक्ट्रिक गाडीत कॅमशाफ्टही नाही आणि पिस्टनही नाही. पेट्रोल गाड्या उद्या बंद होणार असं मी म्हणत नाही, पण अजून पंचवीस वर्षं तुला नोकरी करायची आहे. ब्रेक, सस्पेन्शन, स्टिअरिंग, वायरिंग हे कुठल्याही गाडीला लागतंच. चाकण, तळेगाव, रांजणगाव, सगळीकडे अशा कंपन्या आहेत. चार-पाच हजार कमी मिळाले तरी मी तिकडे जाईन.

नोकरी डॉट कॉमवर प्रोफाइल कर, पण आपल्या कंपनीला ते दिसू नये अशी सोय तिथे आहे, ती आधी लाव. नोटीस 90 दिवसांची म्हटल्यावर बरेच जण पुढे बोलतच नाहीत, म्हणून खरा जोर एप्रिल-मेमध्ये लाव आणि बायआउट देतात का, म्हणजे नोटीसच्या उरलेल्या दिवसांचे पैसे भरतात का, ते विचारत जा. त्याहून कामाचे म्हणजे तुमच्याकडे ऑडिटला येणारे कस्टमरचे एसक्यूए, म्हणजे पुरवठादारांची क्वालिटी बघणारे लोक. त्यांनी तुझं काम डोळ्यांनी बघितलंय. कुठल्या व्हेंडरकडे क्वालिटीची जागा रिकामी आहे हे त्यांना जाहिरातीच्या आधी कळतं. ‘नोकरी बघा’ असं म्हणू नकोस. चहाला भेट, आपोआप विषय निघतो. आणि रजिस्ट्रेशन फी किंवा लॅपटॉपचं डिपॉझिट मागणारा फोन आला की बोलणंसुद्धा लांबवू नकोस.

ऑफर आली की ‘नऊ लाखांचं पॅकेज’ ऐकून पेढे वाटू नकोस. त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ असतो, बेसिकच्या 4.81 टक्के ग्रॅच्युइटी धरलेली असते, मेडिक्लेमचा हप्ता असतो आणि व्हेरिएबल नावाचा एक आकडा असतो जो मिळेलच असं नाही. फक्त एवढं विचार: दर महिन्याला बँकेत किती येणार? मेलवर लिहून घे. बाँड आहे का, प्रोबेशनमध्ये नोटीस किती, हेही त्याच मेलमध्ये. वर्षाच्या मधे बदलतोयस, तेव्हा जुना पगार नव्या कंपनीला कळव. नाहीतर दोघंही स्टँडर्ड डिडक्शन धरतात आणि रिटर्न भरताना टॅक्स तुझ्या अंगावर येतो.

पीएफ काढायचा विचार डोक्यातून काढ. वाळूजच्या आधीच्या नोकरीतल्या तीन वर्षांचा तुझा पीएफ अजून जुन्याच खात्यात पडून आहे ना? तो ट्रान्सफर करून घे. पेन्शनला दहा वर्षांची सर्व्हिस लागते. ती तीन आणि ही पाच, आठ झालीच. जुन्या कंपनीने डेट ऑफ एक्झिट भरली आहे का आणि आधारवरचं नाव जुळतंय का, हे आत्ताच बघ. कंपनी बंद पडल्यावर सही आणायला कुणाकडे जाशील?

वहिनींना सांगितलंयस की नाही, ते तू लिहिलं नाहीस. नसेल तर आज रात्री सांग, घराचा हप्ता दोघांचा आहे. आणि रविवारपर्यंत नवा रिझ्युमे आणि शेवटच्या तीन सॅलरी स्लिप मला पाठव. प्लांट हेडबद्दल जे बोलायचं ते शनिवारी घरी ये, जेवता जेवता बोलू. काकूंना नमस्कार.

तुझा,
मंद्या