वणवा विझवणाऱ्यांची नोंद ठेवा : वनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : वर्षानुवर्षे विनामोबदला वणवे विझवणाऱ्या ग्रामस्थांच्या सेवेची नोंद आणि शासकीय सन्मान.

महोदय,

सादर नमस्कार.

आपल्या राज्याच्या डोंगराळ आणि जंगलपट्ट्यातील गावांमध्ये अशी माणसे आहेत, जी वीस-वीस, पंचवीस-पंचवीस वर्षे दर उन्हाळ्यात डोंगरावर धूर दिसला की हातातले काम टाकून वणवा विझवायला निघतात. या कामाचा त्यांना पगार नाही, त्यांच्या अंगावर गणवेश नाही आणि त्यांनी हे काम केले असे सांगणारा एकही कागद कोणत्या दप्तरात सापडत नाही. त्यांच्या सेवेची नोंद शासनाने ठेवावी आणि त्या नोंदीच्या आधारे त्यांचा रीतसर सन्मान करावा, एवढ्या एकाच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

या माणसांचे आणि शासनाचे नाते कायद्याच्या पुस्तकात कसे मांडले आहे, ते आधी पाहावे. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ७९ नुसार राखीव किंवा संरक्षित वनात ज्याला चराईचा, लाकूडफाट्याचा वा वनोपजाचा हक्क आहे, त्याने वनातील आग विझवण्यासाठी पावले उचलणे आणि वन अधिकाऱ्याने मागितल्यास मदतीला जाणे बंधनकारक आहे. सबळ कारण नसताना जो हे करणार नाही, त्याला एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा मूळ कायद्यात सांगितली आहे. कारण सबळ होते हे सिद्ध करण्याचा भारही त्याच माणसावर टाकलेला आहे. जो येत नाही त्याच्यासाठी इतकी तपशीलवार तरतूद करणारा हा कायदा, जो दरवर्षी न बोलावता येतो त्याच्याविषयी एक शब्दही बोलत नाही. परक्या सरकारने केलेल्या कायद्यातली ही उणीव आपल्या सरकारने भरून काढावी, अशी अपेक्षा बाळगणे मला रास्त वाटते.

वनविभाग १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम मानतो. या चार महिन्यांत सह्याद्रीच्या उतारांवरचे गवत वाळून कोळ झालेले असते आणि विदर्भातल्या सागाच्या जंगलात पानगळीचा थर घोट्यापर्यंत साचलेला असतो. अग्निशमन केंद्रे नगरपरिषदांच्या गावी किंवा औद्योगिक वसाहतीत असतात. तिथून बंब निघाला तरी डांबरी सडक जिथे संपते तिथेच तो थांबतो. त्याच्या पुढचा चढ माणसांनाच चढावा लागतो. एका वनरक्षकाकडे शेकडो हेक्टरांचे नियतक्षेत्र, म्हणजे राखणीसाठी नेमून दिलेला जंगलाचा भाग, असतो, आणि एकाच दुपारी दोन डोंगर पेटले तर तो एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो.

तंत्रज्ञान आले आहे आणि त्याचा उपयोगही होतो. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाने टिपलेल्या आगीच्या ठिकाणाचा संदेश आता थेट क्षेत्रीय कर्मचाऱ्याच्या मोबाईलवर येतो. पण उपग्रह ठरावीक वेळीच डोक्यावरून जातो, आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत लागलेला वणवा गवताळ उतारावर किती पुढे जातो हे डोंगराखाली राहणाऱ्याला विचारावे. संदेश मिळाल्यानंतरही वनरक्षक पहिला फोन करतो तो गावातल्या दोन-चार खात्रीच्या माणसांना. देहरादूनपासून सुरू झालेली ही साखळी ज्यांच्या हाताशी येऊन संपते, त्यांची नावे त्या वनरक्षकाला तोंडपाठ असतात. त्याची बदली झाली की ती नावे त्याच्याबरोबरच जातात.

हे काम कोणीही उठून करावे असे नाही, हे मुद्दाम नमूद करतो, कारण वणवा विझवणे म्हणजे डहाळीने आग झोडपणे अशी समजूत शहरात सर्रास आढळते. आग चढावर धावते, म्हणून तिच्या तोंडासमोर उभे राहायचे नसते. जळून गेलेल्या बाजूने शिरून तिच्या दोन्ही कडा आवळत आणायच्या असतात. दिवसा वारा दरीतून वर चढतो आणि दिवस मावळल्यावर तोच खाली उतरू लागतो, त्यामुळे संध्याकाळी कोणत्या सोंडेवर थांबायचे आणि कोणत्या घळीत अजिबात उतरायचे नाही, हे ठरवणारा माणूस जाणता लागतो. जळते ओंडके आणि सुटलेले दगड उतारावरून कुठे घरंगळतील याचा अंदाज त्यालाच असतो. जाळरेषा, म्हणजे आग अडवण्यासाठी गवत-पाला काढून केलेला मोकळा पट्टा, कुठून काढली तर वणवा अडेल, वणव्याच्या वाटेतले गवत आधीच जाळून टाकायला समोरून उलट आग कधी लावायची आणि कधी तो मोह टाळायचा, हेही तोच सांगतो. आग विझली असे सगळ्यांना वाटल्यावरही बुंध्यांत धुमसणारे निखारे दुसऱ्या दुपारच्या वाऱ्याने पुन्हा पेट घेतात. म्हणून बाकीचे घरी परतल्यावर रात्रभर राखणीला थांबणारी एक-दोन माणसे प्रत्येक गावात असतात. ही जाण वर्षानुवर्षांच्या अनुभवाने येते आणि नव्या पोरांच्या हाती सोपवली जाते. शासनाला एखाद्या प्रशिक्षण केंद्रात ती निर्माण करायची झाली तर किती खर्च येईल, याचा विचार आपण अवश्य करावा.

यात बायकांचा वाटा वेगळा सांगायला हवा, कारण सन्मानाची यादी पुरुषांनी केली की तो हमखास राहून जातो. हंगामाआधी जाळरेषेवरचा पालापाचोळा झाडून काढणे, गवत कापणे, आग लागल्यावर हंडे-कळशा घेऊन अर्ध्या डोंगरापर्यंत पाणी पोचवणे, आणि गावाच्या कडेला गंजीपर्यंत आलेली आग अडवणे ही कामे बहुतेक ठिकाणी बायकाच करतात.

सन्मानाची परंपरा आपल्याकडे नाही असे नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत झालेल्या स्फोटात अग्निशमन दलाच्या ६६ जवानांनी प्राण दिले आणि त्यांच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. शहरांतून जवानांचे संचलन होते, आणि ते झालेच पाहिजे. पण त्याच आठवड्यात डोंगरावर वणवे ऐन भरात असतात आणि ते विझवणाऱ्यांचा उल्लेख कुठल्याही व्यासपीठावरून होत नाही. स्वयंसेवकांना राष्ट्रीय पदक देण्याचीही रीत आहे: डिसेंबर १९४६ मध्ये मुंबई प्रांतातच सुरू झालेल्या होमगार्ड संघटनेतील आणि नागरी संरक्षण दलातील स्वयंसेवकांना राष्ट्रपतींच्या नावाने पदके दिली जातात. आपल्याच विभागाची संत तुकाराम वनग्राम योजना चांगले काम करणाऱ्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांना गौरवते, आणि वनश्री पुरस्कार वृक्षलागवड व संवर्धनासाठी दिला जातो. दोन्ही योजना मला मोलाच्या वाटतात. मात्र पहिलीत बक्षीस समितीला मिळते आणि दुसरीत लावलेल्या झाडांचा विचार होतो. उभे जंगल जळू न देण्यात ज्या एका माणसाची हयात गेली, तो या दोन्हींच्या मधल्या फटीत राहून जातो.

ऑस्ट्रेलियाचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. न्यू साउथ वेल्स राज्याच्या ग्रामीण अग्निशमन सेवेत सुमारे ७० हजार स्वयंसेवक आहेत. अशा सेवेत पंधरा वर्षे निष्ठेने काम केलेल्या व्यक्तीला, ती स्वयंसेवक असली तरी, १९७५ पासून तिथे राष्ट्रीय पदक मिळू शकते, आणि पुढच्या प्रत्येक दहा वर्षांसाठी त्या पदकावर एक पट्टी चढते. त्यांच्याकडे गाड्या आहेत, प्रशिक्षण आहे, पैसा आहे. त्या बाबतीत आपली बरोबरी नाही. पण वर्षे मोजण्याला पैसा लागत नाही. तिथे माणूस दाखल झाल्याचा दिवस वहीत लिहिलेला असतो, म्हणून पंधरा वर्षांनी त्याला शोधावे लागत नाही.

म्हणून माझी पहिली मागणी पदकाची नसून वहीची आहे. प्रत्येक नियतक्षेत्रात वणवा-नोंदवही असावी. आग लागल्याची तारीख, ठिकाण आणि विझवायला आलेल्या स्त्री-पुरुषांची नावे वनरक्षकाने तीत लिहावीत, आणि हंगाम संपल्यावर ती ग्रामसभेत वाचून कायम करावी. जाळरेषेचे काम आणि रात्रीची राखण यांचीही नोंद व्हावी. मागच्या वर्षांचा कागद नसल्यामुळे आज साठी-सत्तरीत असलेल्यांवर अन्याय होऊ नये, यासाठी एकदाच, ग्रामसभेच्या ठरावाने त्यांची पूर्वीची सेवा मान्य करावी. कोण डोंगरावर येत होता आणि कोण येत नव्हता हे गावाला पक्के ठाऊक असते. याच कारणासाठी निवड वरून होऊ नये. शिफारशींच्या यादीत खरा माणूस सर्वांत शेवटी येतो.

एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. बरेच वणवे माणसेच लावतात हे खरे आहे. चांगले गवत येईल या समजुतीने, मोहाची फुले वेचायला जमीन साफ व्हावी म्हणून, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून, राब भाजताना, म्हणजे पेरणीआधी शेतात पालापाचोळा जाळताना, हलगर्जीपणा झाल्यामुळे किंवा नुसत्या विडीच्या थोटकाने जंगले पेटतात. तेव्हा विझवलेल्या आगींच्या संख्येवर रोख बक्षीस ठेवले तर आगी वाढण्याची भीती खरोखर आहे. सन्मान सेवेच्या वर्षांवर ठेवला आणि ज्या वर्षी गावाच्या हद्दीत वणवा लागलाच नाही ते वर्षही सेवेत धरले, तर ही भीती उरत नाही. उलट गावातल्या लावणाऱ्या हाताला अडवण्याचे बळ विझवणाऱ्याला मिळते.

दहा, वीस आणि तीस वर्षांच्या सेवेसाठी शासनाचे सन्मानचिन्ह आणि वनमंत्र्यांच्या सहीचे प्रमाणपत्र द्यावे. ते जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या मोठ्या समारंभाच्या शेवटी घाईने न देता, १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत, त्याच गावात, वनक्षेत्रपालांनी स्वतः येऊन द्यावे. १ मेची ग्रामसभा यासाठी सोयीची नाही, कारण त्या दिवशी ही माणसे डोंगरावर असण्याचीच शक्यता अधिक. शाल आणि नारळ यांचा मान मी कमी लेखत नाही, परंतु त्यासोबत जाड तळव्याचे बूट, सुती जाड अंगरखा आणि अपघात विम्याचे कागद दिले, तर शासनाला या माणसाच्या जिवाची किंमत कळली असे गाव समजेल.

जिवाचा प्रश्न नुसता बोलण्यापुरता नाही. एप्रिल २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात वणवा विझवताना तीन मजुरांचा होरपळून मृत्यू झाला. ११ सप्टेंबरला राष्ट्रीय वन शहीद दिन पाळला जातो. वणव्यात गेलेल्या मजुरांची आणि ग्रामस्थांची नावे त्या दिवशी वर्दीतल्या शहिदांच्या बरोबरीने वाचली जावीत, आणि त्यांच्या गावच्या शाळेतही ती वाचली जावीत.

कोकणाचा मुद्दा थोडक्यात मांडतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात बरेचसे रान खाजगी मालकीचे आहे, आणि तिथला वणवा आंबा-काजूच्या बागांत शिरतो. आग सरकारी हद्दीत नव्हती म्हणून तिथल्या माणसाची सेवा वहीबाहेर राहू नये. तसेच वनहक्क कायदा, २००६ अन्वये ज्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, त्यांच्या जंगलांची नोंद त्या ग्रामसभांनीच ठेवावी आणि विभागाने ती तशीच मान्य करावी.

यातील बहुतेक गोष्टींना नवा कायदा लागत नाही. एक शासन निर्णय पुरेसा आहे. तो येत्या १५ फेब्रुवारीपूर्वी निघाला, तर पहिल्या वहीत या हंगामाची नावे लिहिली जातील आणि त्यानंतरच्या १५ ऑगस्टला पहिले सन्मान होऊ शकतील. आमच्या तालुक्यातील वीस वर्षांहून अधिक काळ हे काम करणाऱ्यांची यादी ग्रामसभेच्या ठरावासह देण्याची आमची तयारी आहे. ती कोणाकडे सादर करावी, एवढे आपल्या कार्यालयाने कळवावे, ही विनंती.

आपला नम्र,
संयुक्त वन व्यवस्थापन समितीचा एक माजी सदस्य,
सातारा जिल्हा