उद्घाटनाच्या फोटोनंतर काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘भिंतीवर मासे रंगवून समुद्र वाचत नसतो’, असं समुद्र वाचवण्यासाठी होणाऱ्या कला-उपक्रमांबद्दल एका वाचकाने आपल्या सदरात लिहिलं होतं. त्यांचं म्हणणं मला पटतं, पण अर्धंच. मी तीसेक वर्षं क्रोशाचं विणकाम शिकवते. गेली दोन वर्षं आम्ही अकराजणी मिळून क्रोशाने प्रवाळाचं, म्हणजे समुद्रातल्या पोवळ्यांचं, बेट विणतो आहोत, म्हणून हे लिहिते.

कल्पना आमची नव्हे. मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या बहिणींनी २००५ साली लॉस एंजेलिसमध्ये हे काम सुरू केलं आणि नंतर गावोगावच्या बायका-पुरुषांनी आपापली बेटं विणली. जर्मनीत बाडेन-बाडेनला २०२२ मध्ये मांडलेल्या बेटासाठी सुमारे चार हजार लोकांनी चाळीस हजारांवर नग विणून पाठवले होते. मूळ युक्ती त्याहून जुनी आहे. डायना तायमिना या गणितज्ञ बाईंनी १९९७ मध्ये भूमितीतला एक वळणदार पृष्ठभाग समजावून सांगायला तो चक्क क्रोशाने विणला. करायचं इतकंच, की दर तिसऱ्या टाक्यात एकाऐवजी दोन खांब, म्हणजे क्रोशाचे उंच टाके, घालायचे. वीस साखळ्यांवर सुरुवात केली तर सहाव्या ओळीत खांब शंभरावर जातात. काठाला जागा पुरत नाही, तो दुमडतो, चुण्या पडतात आणि हातात प्रवाळ तयार होतं. थोड्या जागेत भरपूर पृष्ठभाग मिळवायची समुद्रातल्या कितीतरी जिवांची हीच रीत आहे.

एक नग विणायला दोन-तीन संध्याकाळी जातात. माझ्या मते सगळं मोल त्या संध्याकाळींचं आहे. भिंतीवरचं चित्र माणूस चालता चालता बघतो, पण विणताना तेच प्रवाळ तासन् तास बोटांत राहतं आणि प्रश्न आपोआप निघतात. आमच्या बेटाचा एक कोपरा आम्ही पूर्ण पांढरा ठेवलाय. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जरी जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, तरी प्रवाळ आपल्या पोटातलं सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकतं. प्रवाळाचा रंग आणि बहुतेक अन्न त्या शेवाळाचंच असतं, म्हणून ते पांढरं पडतं. तो कोपरा विणणाऱ्या बाई एकदा म्हणाल्या, ‘रंगीत करताना तोंड चालू असतं, हे करताना बोलावंसंच वाटत नाही.’

आमच्या हातून एक चूक झाली, तीही सांगायला हवी. पहिले चाळीसेक नग आम्ही ॲक्रिलिक लोकरीचे केले. ॲक्रिलिक म्हणजे प्लास्टिकच, धुताना त्याचे बारीक तंतू सुटतात आणि सांडपाण्याबरोबर जातात, हे एका मुलीने लक्षात आणून दिलं. तेव्हापासून नवे नग सुती धाग्याचे, नाहीतर जुन्या कापडी पिशव्यांच्या पट्ट्या कापून केलेले. जुने तसेच ठेवलेत, पण ते पाण्यात घालत नाही, फक्त झटकतो. समुद्रासाठी म्हणून केलेली कला समुद्रातच कचरा होऊन गेली, तर ती न केलेली बरी.

कलेने खरोखर समुद्र राखल्याचं उदाहरणही आहे. इटलीत तालामोनेच्या किनाऱ्यावर पाओलो फान्चुल्ली नावाचा मच्छीमार आहे. तळावरून जाळं ओढणाऱ्या बेकायदा बोटी, म्हणजे ट्रॉलर, तळ खरवडून नेत होते, समुद्री गवत उपटत होते. त्याने इटलीतल्याच कार्रारा गावच्या खाणीतून संगमरवराचे ठोकळे देणगी म्हणून मिळवले, शिल्पकारांनी त्या ठोकळ्यांतून मूर्ती घडवल्या आणि २०१५ पासून त्या तळाशी सोडल्या जात आहेत. ओढत नेलेलं जाळं मूर्तीत अडकतं, फाटतं, म्हणून ट्रॉलर तिकडे जायचं टाळतात. हे सुचलं ते रोज त्या पाण्यात असणाऱ्या माणसाला. आपल्याकडे अशा उपक्रमांच्या बैठकीत चित्रकार असतात, पाहुणे असतात. मच्छीमारांना मात्र कोणी विचारत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आपल्याला एक विनंती आहे. अशा उपक्रमांच्या उद्घाटनाचे फोटो आपण छापता, जरूर छापा. पण सहा महिन्यांनी आपला बातमीदार पुन्हा तिथे पाठवा. रंगवणारे हात कोणाचे होते, सामान कशाचं होतं आणि आता ते कुठे पडलंय, एवढं त्याने विचारून यावं. आमच्याकडे आलात तर सगळे नग मोजून दाखवू, ॲक्रिलिकचे चाळीसही.

आपली,
एक विणकाम शिक्षिका